एका शौकिनाचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, कपाटाच्या माथ्यावर बघा. जुन्या पंख्याची पाती आणि रिकामी बरणी यांच्या मधे जो काळा ठोकळा दिसतो, तो मी. टेपरेकॉर्डर. तुमच्यातल्या काहींनी माझ्यासारखा कधी पाहिलाही नसेल; त्यात तुमचा दोष नाही. माझ्या पुढच्या अंगाला एक झाकण आहे, त्याच्या आत कॅसेट बसते. खाली दाबायची बटणं आहेत, त्यातलं एक लाल. आणि वर तीन गोल चकत्या आहेत. एक आवाज लहानमोठा करायची, एक जाड आवाजाची आणि एक बारीक आवाजाची. या तिसऱ्या चकतीवर जरा लक्ष ठेवा. ती पुढे लागणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल, जन्मभर गाणी वाजवलीस आणि असं कसं? तर तसंच. विरहाचं गाणं असो की हवामानाच्या बातम्या असोत, फीत फिरते, आवाज बाहेर पडतो आणि माझं काम संपतं. मला काही आवडत नाही आणि काही नावडत नाही. म्हणून मी जे सांगेन ते कुणाचीही बाजू न घेता सांगेन.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना निळे कोट घातलेल्या बायका बसत. एकीने तारा जोडल्या, दुसरीने मोटर बसवली, तिसरीने स्क्रू पिळले आणि चौथीने माझ्यासमोर तोंड आणून "हॅलो हॅलो, अगं माझा डबा कुठे ठेवलास?" असं म्हटलं. तेच वाक्य मी तिला परत ऐकवलं. ती "हा चालतो" म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते एवढंच.

पुढे मी एका दुकानाच्या काचेत उभा राहिलो. तिथे रोज संध्याकाळी एक तरुण यायचा आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहायचा. शेवटी दुकानदार बाहेर आला. म्हणाला, "राव, घ्यायचा असेल तर घ्या एकदाचा. तुमच्या श्वासाने काच धुरकटते रोज." तरुण लाजला आणि पुढच्या पगाराला मला घेऊन गेला. रस्ताभर त्याने मला छातीशी धरलं होतं. पिशवी दिली होती तरी.

याला सगळे शौकीन म्हणत. तो पत्र्याच्या कारखान्यात कारागीर होता. तिथे पेट्या, टाक्या आणि मोठ्या इमारतींत हवा खेळवायचे चौकोनी नळ बनत. दिवसभर पत्रा कापायचा, वाकवायचा आणि ठोकायचा. सगळे एकदम ठोकायला लागले की कानठळ्या बसत. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. त्या गदारोळात हा पठ्ठ्या हातोड्याच्या ठेक्यावर गाणं म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आदल्या दिवशी रेडिओवर काय काय लागलं होतं ते हातवारे करून सांगायचा. तिथेच त्याला हे नाव पडलं. पुढे बायकोसुद्धा माहेरी निरोप धाडायची, "आमचे शौकीन तिकडे आलेत का?"

मित्रांनो, काही माणसांना एखादी गोष्ट थोडीशी आवडते. याला थोडंसं आवडणं जमतच नसे. आवडलं की डोक्यावर घ्यायचं. आधी त्याला बासरीने वेड लावलं. मग उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका. घरात रेडिओ होताच. तो रेडिओच्या पुढे मला ठेवायचा, गाणं सुरू होणार असं वाटलं की लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. निवेदिका गाण्याच्या शेवटावर बोलली की याचा जळफळाट व्हायचा. "बाई, दोन सूर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं तो रेडिओला विचारायचा. नवं लग्न झालेलं असताना अशाच एका गाण्यात त्याच्या बायकोला शिंक आली. तेव्हापासून तो पाहुण्यांना ते गाणं लावून दाखवायचा. "आता ऐका हं, आता आमच्या बाईसाहेब." ती बिचारी चहाचे कप घेऊन आत पळायची.

त्याची एक पद्धत होती. एखादी जागा आवडली की तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "मागे घे!" जवळ जो कोणी असेल त्याने फीत मागे घेऊन तेवढा तुकडा पुन्हा लावायचा. पुन्हा हात वर, पुन्हा "मागे घे!" या नादापायी माझी मागे घ्यायची मोटर फार लवकर झिजली. तक्रार म्हणून सांगत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, शौकीनने "मागे घे" म्हटलं म्हणजे त्याला मनापासून भावलं. नुसतं "छान" म्हटलं तर ते लोकाचाराचं.

त्या काळात माझी बारीक आवाजाची चकती मधोमध असायची.

मग आवडी बदलत गेल्या. त्याच्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, कॅसेटच्या दुकानात नोकरी लागली आणि आमच्या घरात कॅसेटचा पूर आला. हा मेहुणा म्हणजे बडबड्या आणि थट्टेखोर. दर आठवड्याला नवं काहीतरी घेऊन यायचा. मधे एक वर्ष नुसत्या विनोदी नकलांचं गेलं. शौकीन त्या नकला पाठ करायचा आणि जेवताना स्वतःच म्हणून स्वतःच हसायचा, तोंडातला घास सांभाळत. मग नाचाच्या गाण्यांची लाट आली. मग एकाएकी खर्जात गाणाऱ्या, भरदार आवाजाच्या पुरुष गायकांवर जीव जडला. मग रहस्यकथांच्या श्राव्य नाटिका; त्यातसुद्धा नायक नायिका नकोत, याला खलनायक पसंत. "आवाज बघ काय आहे! पोटातून येतो!" मग नुसते ढोल. गाणं नाही, बाजा नाही, नुसते ढोल.

आणि बासरीच्या सगळ्या कॅसेट त्याने एक दिवस मेहुण्याच्या हातात ठेवल्या. "ने या. पोरकट वाटतात आता."

मेहुणा बघतच राहिला. "भाऊजी, या बासरीपायी तुम्ही एकदा माझ्या साखरपुड्याला उशिरा आलात. आणि आता पोरकट?"

"माणसाची चव बदलते," शौकीन म्हणाला.

यावर घरात ज्याचं त्याचं मत होतं. बायको म्हणायची, वय वाढलं, पोक्तपणा आला. मेहुणा म्हणायचा, भाऊजींना आपण कुणीतरी वेगळे आहोत असं दाखवायचंय. कारखान्यातले म्हणत, शौकीनचा कान आता पिकलाय, त्याला उथळ गाणी चालत नाहीत. तो स्वतः काही म्हणत नसे. मिशीतल्या मिशीत हसायचा.

मला मात्र यात आवडीचा प्रश्न दिसत नव्हता. बासरीच्या दिवसांत मधोमध असलेली चकती नकलांच्या वर्षी थोडी उजवीकडे गेली. नाचाच्या गाण्यांच्या वेळी आणखी. ढोल आले तोवर ती उजव्या टोकाला जाऊन टेकली होती आणि तरीही तो तिला अंगठ्याने पुढे रेटायचा. माझ्यातून चिरचिर, खरखर, नुसता कर्कश आवाज यायचा. शेजारच्या खिडक्या बंद व्हायच्या. तो मात्र कपाळाला आठी घालून म्हणायचा, "हल्ली कॅसेट नीट भरतच नाहीत."

मित्रांनो, तुम्हाला कळलंच असेल. इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीने त्याचे कान जात होते. एकदम नाही, वरून खाली. आधी बासरीची टोकं गेली, मग दारावरची घंटी, मग बायकांच्या गाण्यातले शब्द. जाड, खालचे आवाज तेवढे राहिले, आणि तो राहिलेल्यांवर प्रेम करू लागला. कारखान्यात हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. तिथे सगळेच ओरडून बोलत, आणि ज्याला ऐकू येत नाही तो फारतर मान डोलावतो, बस. घरी बायको घंटी वाजवून वाजवून थकायची आणि शेवटी दार बडवायची. तो दार उघडून म्हणायचा, "आलीस का? घंटी वाजवायची ना." यावर तिचा जो संताप व्हायचा तो मी अनेकदा भरून घेऊ शकलो असतो, पण लाल बटण कोणी दाबलं नाही.

त्याला कळलं होतं का? थोडंथोडं कळलं असावं. पण ज्याला सगळी दुनिया शौकीन म्हणते त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं की मला ऐकू येत नाही?

हे असंच चालूनही गेलं असतं. पण घरात शिट्टी होती.

शिट्टी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा तिचं रडणं इतकं बारीक आणि उंच होतं की दाई म्हणाली, "ही तर शिट्टी आहे!" आणि नाव चिकटलं. मोठी होऊन शाळेत जायला लागली तरी आवाज तसाच राहिला, बारीक आणि स्वच्छ. ती गायला लागली. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी तिला हाताशी धरलं. गाणं चांगलं होतं की नाही ते मला विचारू नका. पण ती गात असली की तिची आई भाजी चिरायची थांबायची आणि मामा बोलायचा थांबायचा. मामा गप्प बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

एकटा तिचा बाप तिच्या गाण्याला काही म्हणत नसे.

ती समोर उभी राहून गायची. तो खुर्चीत बसायचा, तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि गाणं संपलं की म्हणायचा, "छान. छान हं." आणि लगेच ढोलाची कॅसेट लावायचा. जो माणूस खलनायकाच्या खोकल्यालासुद्धा "मागे घे" म्हणतो, तो पोटच्या पोरीला नुसतं "छान" म्हणतो, हे तिला लागायचं. आधी ती नवी गाणी शिकून यायची. मग आणखी अवघड गाणी. ती जितकी अवघड, तितकी उंच. आणि जितकी उंच, तितकं बापाचं "छान" कोरडं. ती एकदा आईला म्हणाली, "बाबांना जगातलं सगळं आवडतं. माझं गाणंच तेवढं आवडत नाही."

आई म्हणाली, "काहीतरीच काय! छान म्हणाले ना?"

"तेच तर," शिट्टी म्हणाली.

मग शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात बाईंनी तिचं एकटीचं गाणं ठेवलं. म्हणाल्या, घरी गाणं भरून स्वतःच ऐक, चुका कळतील. म्हणून एका दुपारी शिट्टीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माझी दोन बटणं एकदम दाबली आणि गायली. मग फीत मागे घेऊन ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा पडत गेला. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की सगळ्यांचा पडतो, पण हे तिला सांगणार कोण? मी फक्त वाजवतो. ती आईला म्हणाली, "बाबांचं बरोबर आहे. कसला चिरका आवाज आहे माझा. सोमवारी बाईंना सांगते, माझं नाव काढा. आणि गाण्याचा तासही सोडते."

आईने समजावलं, रागावून पाहिलं. पोरगी ऐकेना. कॅसेट माझ्या पोटातच राहिली.

रविवारी दुपारी वीज गेली. पंखा थांबला, शेजारचा टीव्ही थांबला, गल्ली एकदम शांत झाली. शौकीन सुट्टीच्या दिवशी गाण्याशिवाय बसणाऱ्यातला नव्हता. त्याने माझ्या पाठीत सेल घातले. हे सेल म्हणजे आमच्या घरची खासियत. संपलेले सेल टाकायचे नाहीत असा बायकोचा दंडक होता. ती ते खिडकीत उन्हाला ठेवायची, लोणी कढवताना जसं लक्ष ठेवतात तसं लक्ष ठेवून फिरवायची. तापलेल्या सेलमध्ये थोडा जीव परत यायचा. थोडाच. त्यावर मी चालायचो, पण पेंगत पेंगत. गाणं लांबायचं, आवाज खाली जायचा आणि पातळ गळ्याची गायिका मिशा असल्यासारखी गायला लागायची. घरात सगळे हसायचे आणि मला बंद करायचे.

त्या दिवशी शौकीनने मला मांडीवर घेतलं, आत कुठली कॅसेट आहे ते न बघता बटण दाबलं आणि कान जाळीला लावला.

शिट्टीचं गाणं सुरू झालं. पण ती शिट्टी नव्हती. अर्ध्या वेगाने, ओढत ओढत, खोल विहिरीतून आल्यासारखा एक संथ आवाज माझ्यातून निघत होता. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, काय ते रेड्यासारखं रेकतंय! बंद करा!"

शौकीनने हात वर केला. गप्प, अशा अर्थी. त्याने डोळे मिटले होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. तो हलला नाही. मग तो ओरडला, "मागे घे! अरे, कोण आहे घरात? मागे घे!"

शिट्टी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन येत होती. ती दारातच थांबली. तिने आवाज ओळखला. आपलंच गाणं, आणि असं विद्रूप. तिला वाटलं, बाबा माझी थट्टा करतायत. तिचे डोळे भरून आले. ती पुढे झाली, ती मला बंद करायलाच. तेवढ्यात शौकीनने मान वर केली आणि तिने पाहिलं, तोही रडत होता.

"ही बाई कोण गं?" त्याने विचारलं. "मामाने आणली का कॅसेट? काय गाते! किती वर्षांनी असं एकेक अक्षर ऐकू आलं मला. हिच्या आणखी कॅसेट मिळतील का, विचार त्याला."

शिट्टी म्हणाली, "बाबा, ती मी आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "काय?"

"मी आहे ती. सेल गेलेत म्हणून तसा आवाज येतोय."

"हो, हो, मामालाच विचार," शौकीन म्हणाला आणि मान डोलावली.

कपडे तिच्या हातातून खाली पडले. तिने ते उचलले नाहीत. ती वळली, बापाकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, चहा ठेवू का?" उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग तिने गळ्यात हनुवटी खुपसली, आवाज होता नव्हता तेवढा खाली नेला आणि तेच गाणं गायली, जाड्या भरड्या, बसक्या, तिला मुळीच न शोभणाऱ्या सुरात.

"अरे!" पाठीमागून शौकीन म्हणाला. "तूच का ती?"

मित्रांनो, यानंतर त्या खोलीत जे झालं त्याला काही भांडण म्हणतील, काही रडारड म्हणतील. मी दोन्ही ऐकलं. आई धावत आली. शिट्टी म्हणाली, "आई, बाबांना ऐकूच येत नाही!" आधी शौकीन चिडला. मला सगळं ऐकू येतं, म्हणाला. तुम्ही पुटपुटता त्याला मी काय करू, म्हणाला. मग तो खुर्चीत बसला आणि त्याचा ताठा उतरला.

"तू गायला लागलीस की मला तुझे ओठ दिसायचे गं," तो म्हणाला. "मधेच एखादा सूर यायचा, मधेच नुसते ओठ. मी तुझ्या आईकडे बघायचो. तिचा चेहरा फुललेला दिसला की समजायचो, चांगलं झालं असणार. म्हणून म्हणायचो छान. न ऐकलेल्याला मागे घे कसं म्हणू? ते खोटं झालं असतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"शौकीन बहिरा झाला, असं सांगू? कारखान्यात? तुझ्या मामाला?" तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरं आहे काय?"

वीज आली, पंखा फिरायला लागला, तरी तिघं तशीच बसून होती. सोमवारी शिट्टीने बाईंना नाव काढायला सांगितलं नाही. मी गाणार, पण बाबांना ऐकू आल्यावर, असं तिने घरी जाहीर केलं. आता कार्यक्रम जवळ आलेला आणि बाप दवाखान्याचं नाव काढू देईना. आई एरवी कधी आवाज चढवत नसे, पण या वेळी तिने घर डोक्यावर घेतलं. "तुम्ही चालता की मी तुमच्या कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर बोलू?" मग मात्र तो निमूट चप्पल घालून निघाला.

कानाला लावायचं एक छोटं यंत्र मिळालं. माझाच लांबचा नातेवाईक म्हणा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की गेलेलं सगळं परत येणार नाही, आणि तसंच झालं. बासरीची वरची टोकं गेली ती गेलीच. जे परत आलं त्यानेही तो सुरुवातीला हैराण झाला. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचा. "चपला एवढ्या का वाजवतेस?" म्हणून बायकोवर खेकसायचा. यंत्र काढून डबीत ठेवायचा, शिट्टी ते डबीतून काढून त्याच्या हातावर ठेवायची. कारखान्यात तो कानावर जाडजूड झाकणं चढवून ठोकायला बसू लागला. सुरुवातीला टिंगल झाली. मग शेजारच्या कारागिराने हळूच विचारलं, ही झाकणं कुठे मिळतात?

एका संध्याकाळी त्याने यंत्र लावून मला सुरू केलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय किरकिरतंय? शी!" मग त्याची नजर माझ्या तिसऱ्या चकतीवर गेली. उजव्या टोकाला टेकलेल्या. त्याने ती हळूहळू मागे आणली, मधोमध. आणि बायकोला हाक मारली.

"अगं, इतकी वर्षं हे असं किंचाळत होतं, आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुमची आवड," ती म्हणाली.

आता आत्मवृत्त म्हटलं की शेवटी काहीतरी मागणं मागावं लागतं. शेवटी मागितलं की ऐकणारे तोवर उठलेले असतात, म्हणून मी ते आधीच मागून घेतो. माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पुसली तर बरं, नाही पुसली तरी माझं काही अडत नाही. पण मित्रांनो, आपले कान सांभाळा. कारखाना असो की मांडव, आवाज अंगावर यायला लागला की कान झाका, त्यात कसली लाज? आणि घरातलं कोणी तुमच्या कौतुकाच्या गोष्टीला नुसतंच "छान" म्हणायला लागलं, तर रुसून बसू नका. जवळ जा आणि त्याला काय ऐकू आलं ते विचारा. सूर वाया गेला तर पुन्हा लावता येतो. रुसण्यात गेलेली वर्षं मात्र मलाही मागे घेता येत नाहीत, आणि मागे घेणं हे तर माझं कामच होतं.

आता राहिलेलं सांगतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कार्यक्रमात काय झालं ते मला ठाऊक नाही. मला तिथे कोणी नेलं नाही.

संध्याकाळी शौकीनने यंत्र लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. मामा आला होता, तोही बसला. शिट्टी समोर उभी राहिली. या वेळी तिने आवाज खाली नेला नाही. आपल्या नेहमीच्या पट्टीत, बारीक आणि उंच, गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गायली. शौकीन तिच्या ओठांकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता.

गाणं संपलं. आईने त्याला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी बोला.

"दुसऱ्या ओळीत श्वास भलत्याच ठिकाणी घेतलास," शौकीन म्हणाला. "तिथे शब्द तुटला. आणि शेवटचा सूर जरा चढा लागला."

आईने कपाळाला हात लावला. "अहो, काय माणूस आहात! उद्या पोरीचा कार्यक्रम, आणि तुम्ही आज चुका काढत बसलात?"

मामा म्हणाला, "भाऊजी, छान तरी म्हणा."

पण शिट्टीचं त्या दोघांकडे लक्ष नव्हतं. ती धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. रडत होती आणि हसतही होती, आणि शौकीन गोंधळून तिच्या पाठीवर थोपटत होता.

"अगं, चुकलं म्हणालो मी. ऐकलंस ना? चुकलं."

"हो," शिट्टी म्हणाली. "कुठे चुकलं, ते पुन्हा सांगा ना, बाबा."